रिळावर दोरा किती? : एका मापाचा इतिहास

गळाने मासे धरण्याचा छंद असलेला मनुष्य नवे रीळ विकत घेतो, तेव्हा त्याच्यापुढे पहिला प्रश्न अगदी साधा उभा राहतो : या रिळावर दोरा किती गुंडाळावा? दुकानदार त्याचे उत्तर एका वाक्यात देतो. रिळाच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा मोकळी सोडावी, बाकी सारे भरावे. उत्तर बरोबर आहे. परंतु ते इतके सोपे होण्यासाठी काही शतके खर्ची पडली आहेत. घोड्याच्या शेपटीचे केस, रेशीम, सुताच्या गिरण्या, रसायनशाळा आणि दक्षिणेतील नद्यांचे डोह एवढ्या सगळ्यांचा त्या दोन-तीन मिलिमीटरांशी संबंध आहे. प्रस्तुत लेखात या मापाचा मागोवा घेण्याचा विचार आहे. रिळावरचा दोरा किती लांब असावा हे माणसाच्या हौसेने ठरलेले नाही; ते पाण्यातल्या माशाने ठरवले आहे, हे त्यातून दिसावे. आणि ज्या माशाने ते ठरवले तो मासाच नाहीसा होऊ लागला तर त्या मापाला काय अर्थ उरतो, हा प्रश्नही शेवटी टाळता येण्याजोगा नाही.

राजाचा गळ

आरंभ आपल्या परिचयाच्या ग्रंथापासून करू. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेला ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा संस्कृत ग्रंथ मराठी वाचकास ठाऊक असतो तो मुख्यत्वे एका कारणासाठी. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात असा उल्लेख त्यात आहे, आणि जुन्या मराठीतील गीतांचे काही नमुनेही त्यात जतन झाले आहेत. कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. हैदराबादकडील आपल्या मंडळींना ते स्थळ दूरचे नाही. हा ग्रंथ छापून निघाला तो बडोद्यात. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकर यांच्या संपादनाखाली त्याचे तीन भाग 1925, 1939 आणि 1961 या वर्षी प्रसिद्ध झाले. सयाजीराव महाराजांच्या विद्याप्रेमाची फळे मोजताना या ग्रंथाचा उल्लेख क्वचितच राहून जातो.

ओव्यांसाठी हा ग्रंथ उघडणाऱ्या अभ्यासकाचे लक्ष सहसा जात नाही असे एक प्रकरण त्यात आहे. राजाने मन रमवण्यासाठी कोणकोणते विनोद करावेत हे सांगताना सोमेश्वराने ‘मत्स्यविनोद’ वर्णिला आहे. माशांच्या जाती, त्यांपैकी समुद्रातील कोणत्या व नदीतील कोणत्या, खवल्यांच्या कोणत्या व बिनखवल्यांच्या कोणत्या, कोणाला कोणते खाद्य आवडते, गळ व दोरी कशी असावी, या सर्वांचा तेथे विचार आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये या प्रकरणाकडे विद्वानांचे लक्ष वेधले आणि जगातील गळ-विद्येच्या जुन्या साहित्यात त्याला स्थान मिळवून दिले. इंग्रजीतील या विषयावरचा पहिला छापील ग्रंथ याहून साडेतीनशेहून अधिक वर्षांनी उमटला, हे ध्यानात घेतले म्हणजे कल्याणीच्या राजाचे महत्त्व कळते.

काठीएवढी दोरी

तो इंग्रजी ग्रंथ 1496 साली वेस्टमिन्स्टर येथे छापला गेला. परंपरेने तो ज्युलियाना बर्नर्स नावाच्या एका जोगिणीच्या नावावर आहे, जरी तिचे कर्तृत्व सिद्ध झालेले नाही. त्या काळी दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची पीळ घालून करीत, आणि कोणत्या माशाला किती केसांची दोरी हवी याचा हिशेब या ग्रंथात दिला आहे. अगदी चिमुकल्या माशाला एक केस पुरे; मोठ्या ट्राउटला बारा; सामन माशाला पंधरा. म्हणजे दोरीचे माप तेव्हाही माशावरूनच ठरत होते. फक्त ते लांबीचे माप नव्हते, जाडीचे होते.

लांबीचा प्रश्न तेव्हा उद्भवतच नव्हता, कारण दोरीचे टोक काठीच्या शेंड्याला गाठीने पक्के बांधलेले असे. काठीएवढी किंवा तिच्या दीडपट-दुप्पट दोरी, एवढाच अवकाश. आपल्याकडे कोकण-गोव्यात खाडीच्या धक्क्यावर बसून गरी टाकणारी मुले आजही पुष्कळदा असेच गरवतात. लहान मासा असेल तोवर ही व्यवस्था निर्दोष आहे. मोठा मासा लागला की तिची मर्यादा उघडी पडते. मासा दोरीच्या लांबीएवढा पळतो, दोरी ताणते, आणि पुढच्या क्षणी केस तुटतात, गळ सरळ होतो किंवा काठी मोडते.

या संकटावर आयझॅक वॉल्टनने सांगितलेला उपाय प्रसिद्ध आहे. त्याचे ‘द कंप्लीट अँगलर’ हे पुस्तक 1653 साली निघाले. मासा फारच मोठा निघाला तर वॉल्टन आपली काठीच पाण्यात फेकून देत असे! काठी तरंगत राही, मासा तिला ओढत फिरे, आणि तो दमला म्हणजे होडीतून किंवा काठावरून ती पुन्हा हस्तगत करावयाची. आज हे वाचताना हसू येते. परंतु त्यामागील तत्त्व चोख आहे. पळणाऱ्या माशाला थांबवू नये, पळू द्यावे, मात्र त्याच्या पळण्यावर थोडे ओझे लादून त्याला थकवावे. पुढे रिळाने जे केले ते एवढेच, काठी हातातून न सोडता.

रीळ आले

रीळ मात्र युरोपात जन्मले नाही. चिनी चित्रकार मा युआन याचे सुमारे 1195 मधील एक चित्र टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. विस्तीर्ण, निःशब्द पाण्यावर एक लहानशी होडी, तीत ओणवा बसलेला एक मनुष्य, आणि त्याच्या काठीवर एक लहान चाक. रिळाचे हे सर्वात जुन्या चित्रांपैकी एक मानले जाते. सोमेश्वराचा ग्रंथ आणि हे चित्र एकाच शतकातील आहेत, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे.

इंग्लंडमध्ये रिळाचा उल्लेख प्रथम आढळतो तो टॉमस बार्करच्या 1651 मधील पुस्तकात. वॉल्टनने आपल्या पुस्तकाच्या 1655 मधील दुसऱ्या आवृत्तीत त्याची दखल घेतली. पण ते चाक शब्दांनी समजावण्यापेक्षा प्रत्यक्ष पाहिलेले बरे, असे म्हणून विषय आवरता घेतला. यावरून ते किती नवलाचे होते याची कल्पना येते. सामन धरणाऱ्या लोकांनी ते आधी स्वीकारले, हेही स्वाभाविक होते. ज्याला पंधरा केसांची दोरी लागे, त्याच माशाला आता लांब दोरीही हवी होती.

रीळ आले आणि ‘किती?’ हा प्रश्न जन्माला आला. आपल्या बडोदेकर वाचकांना हा प्रश्न उत्तरायणाच्या अनुभवावरून चटकन समजेल. पतंगाची दोरी हाताला बांधून पेच लढवता येत नाही. फिरकी लागते, ढील देता यावी लागते. फिरकीवर मांजा थोडा असेल तर समोरचा ढील देत राहतो आणि आपली फिरकी रिकामी होऊन गर्रकन थांबते. मग पतंग जातो. म्हणून जाणते लोक खाली साधी सद्दी भरपूर गुंडाळतात आणि वरचा, कामाचा भाग तेवढा मांज्याचा ठेवतात. रिळाच्या बाबतीतही नेमके हेच झाले. वर महागडे रेशीम, आणि त्याखाली केवळ भरणा म्हणून स्वस्त सुताची किंवा तागाची दोरी. हे करण्याची एक जुनी, खात्रीची युक्ती आहे. आधी रिकाम्या रिळावर चांगला दोरा गुंडाळावा, त्यावर भरण्याची दोरी जोडून कडेपर्यंत रीळ भरावे, मग सगळेच उलगडून उलटे गुंडाळावे. भरणा आपोआप खाली जातो आणि माप अचूक बसते.

रेशीम आणि गिरणी

घोड्याच्या केसांची दोरी लांब करावयाची तर गाठींवर गाठी माराव्या लागत, आणि प्रत्येक गाठ काठीच्या कड्यांत अडके. रेशमाची विणलेली दोरी आली आणि ही अडचण संपली. एकोणिसाव्या शतकात जवसाचे तेल पाजलेली रेशमी दोरी प्रतिष्ठित झाली. आपल्याकडे बंगालमध्ये मुगा रेशमाचा दोरा गळासाठी नावाजला गेला. रेशमाचा दोष एकच : ते ओले राहिले की कुजते. त्यामुळे संध्याकाळी तळावर परतल्यावर रिळावरील सारी दोरी मोठ्या चौकटीवर उलगडून वाळवणे हा नित्याचा विधी होता. पुढची काही वाव दोरी झिजली की ती कापून टाकत किंवा दोरी उलट करून मागचे टोक पुढे आणत. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर बोटांच्या टोकांमधले अंतर. कोकणातील दर्यावर्दी लोकांचे हे जुने माप. शंभर यार्ड दोरी म्हणजे पन्नास वाव. पन्नास वाव रेशीम रोज उलगडणे आणि गुंडाळणे हे काम ज्याने केले असेल, तो जरुरीपेक्षा एक वावही अधिक दोरी बाळगण्यास राजी नसे.

याच शतकात रिळाचे घडणीचे काम कापडाच्या धंद्याशी जोडले गेले. ट्रेंट नदीकाठच्या नॉटिंगहॅम शहरात हलक्या लाकडी रिळाचा प्रसार झाला. ते इतके सहज फिरे की पातळ रेशमी दोरा त्यावरून दूरवर फेकता येई. 1884 मध्ये स्कॉटलंडमधील पर्थ येथील मॅलोक याने फेकण्याच्या वेळी रीळ आडवे फिरवण्याची योजना केली, म्हणजे दोरा रीळ न फिरता त्याच्या कडेवरून सुटावा. 1905 साली ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ याने याच कल्पनेस पूर्ण रूप दिले. हा गृहस्थ लोकरीच्या गिरण्यांच्या व्यवसायातला. गिरणीत बॉबिन स्थिर उभी असते आणि सूत तिच्या टोकावरून सुटत जाते, हे तो रोज पाहत होता. तेच त्याने काठीवर आणले. रीळ स्थिर राहिले, दोरा मात्र कडेवरून भराभर निघू लागला. इंदूरच्या किंवा बडोद्याच्या गिरण्यांत ज्यांच्या घरातील माणसांनी हयात घालवली, त्यांना हे तंत्र आणखी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

या स्थिर रिळापासूनच ‘कडेपासून दोन-तीन मिलिमीटर’ हा नियम अपरिहार्य झाला. रीळ कमी भरले तर सुटणारा दोरा उंच कडेवर घासतो आणि फेक आखूड पडते. काठोकाठ भरले तर चार-सहा वेढे एकदम घसरतात, आणि काठीच्या पहिल्या कड्याशी असा गुंताडा होतो की तो सोडवण्यात सकाळ जाते.

दख्खनचा मासा आणि शंभर यार्ड

आता आपल्या नद्यांकडे वळू. 1839 साली कर्नल साइक्स या अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांवरील आपले संशोधन लंडनच्या प्राणिशास्त्र सभेपुढे मांडले. मुंबई सरकारच्या वतीने तो या प्रदेशाची सांख्यिकी माहिती गोळा करीत होता. त्याने एक पद्धत पाळली, तिच्याबद्दल मराठी माणसाने त्याचे ऋणी असावे. नव्या माशांना नावे देताना त्याने कित्येक ठिकाणी नदीकाठच्या लोकांकडून ऐकलेलीच नावे घेतली. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या मोठ्या खवल्यांच्या माशाला त्याने ‘खुद्री’ म्हटले, आणि शास्त्रीय ग्रंथांत तो आजही ‘टॉर खुद्री’ आहे. हाच दख्खनचा महसीर. मराठी मुलखातील बोलीचा एक शब्द जगभरच्या प्राणिशास्त्राने असा सांभाळून ठेवला आहे.

महसीर हा गळाला लागणाऱ्या गोड्या पाण्यातील माशांत अत्यंत बलवान मानला जातो. हेन्री सलिव्हन टॉमस हे मद्रास मुलकी सेवेतील अधिकारी, दक्षिण कानडा जिल्ह्याचे कलेक्टर. त्यांचा ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ 1873 साली मंगळुरास छापला गेला, आणि पुढे 1881 व 1897 मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. सामन आणि महसीर यांची तुलना करताना त्यांनी दाखवून दिले की महसीराचे सारे बळ त्याच्या पहिल्या धावेत असते. गळ लागताच तो एका दमात सरळ पळतो. त्या धावेत दोरी संपली तर खेळ तेथेच संपला. ती धाव निभावली तर पुढचे काम धीराचे आहे. म्हणून रिळावरील दोऱ्याचे माप या एका धावेवरून ठरले. मोठ्या नद्यांवर शंभर यार्डांखाली कोणी समाधान मानीत नसे, आणि कावेरीसारख्या खडकाळ, वेगवान नदीवर दीडशे-दोनशे यार्डांची तयारी ठेवीत. कावेरीवर त्यासाठी आणखी एक सोय होती. कातडे मढवलेल्या वेताच्या गोल डोंगीत बसून पळणाऱ्या माशामागे जाता येई. डोंगी पुढे गेली की दोरा रिळावर परत येई. ज्याला डोंगी मिळत नसे, त्याला दोऱ्यावरच भिस्त ठेवावी लागे.

दोरा किती आहे एवढ्यावर भागत नाही. तो जसा संपत जातो तसा रिळाचा स्वभावही बदलतो. समजा, भरलेल्या रिळाची त्रिज्या 4 सेंटिमीटर आहे आणि मधला गाभा 1 सेंटिमीटर त्रिज्येचा आहे. रिळाला अटकाव असा लावला आहे की अडीच किलोच्या ओढीला ते दोरा सोडू लागेल. मासा पळाला, दोरा सुटत गेला, आणि वेढ्यांची त्रिज्या 2 सेंटिमीटरवर आली. अटकाव आपण हललेला नाही. पण त्रिज्या निम्मी झाल्यामुळे आता दोरा सुटण्यासाठी पाच किलोंची ओढ लागेल. पाच किलोंत तुटणारा दोरा असेल तर तो याच क्षणी तुटेल. हिशेब केला तर दिसेल की त्या वेळी रिळावर एकंदर दोऱ्याचा पाचवा हिस्सा शिल्लकच असतो. शिवाय पाण्यात गेलेल्या शेकडो फूट दोऱ्यावर प्रवाहाचा ताण वेगळाच. म्हणजे दोरा संपल्यामुळे नव्हे, तो संपत आल्यामुळे मासा सुटतो. अनुभवी लोक ‘कधीही लागणार नाही’ एवढा दोरा का गुंडाळत, याचे कारण हे आहे. तो तळाचा दोरा माशासाठी नसतोच. रिळाची त्रिज्या मोठी राखण्यासाठी असतो. सद्दीचे काम तेच.

या विषयावरचे आणखी एक नामांकित पुस्तक, मॅकडोनल्ड यांचे ‘सर्कमव्हेंटिंग द महसीर’, 1948 साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने प्रसिद्ध केले. त्याच्या दोनच वर्षे आधी, 1946 मध्ये, म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातील एका गृहस्थाने कावेरीच्या कबिनी या उपनदीत 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा महसीर धरला. एका प्रौढ माणसाच्या वजनाचा मासा! काठीने धरलेल्या महसीरांत हा उच्चांक समजला जातो. दोनशे यार्डांचे रीळ कशासाठी, या प्रश्नाला यापरते उत्तर नाही.

तंगूस

1935 साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस करोदर्स यांच्या हाताखाली नायलॉन तयार झाले. 1938 मध्ये त्याची जाहीर घोषणा झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनचा एकेरी, पारदर्शक धागा जगभर पसरला. कोकण-गोव्यात त्याला ‘तंगूस’ म्हणतात, आणि मासेमारीप्रमाणेच मणी ओवण्यासाठीही तो घरोघर पोहोचला. तो कुजत नाही, वाळवावा लागत नाही, आणि समान बळ असलेल्या विणलेल्या दोरीहून बारीक असतो. 1948 मध्ये फ्रान्समध्ये मिचेल रीळ बाजारात आले. स्थिर रीळ आणि नायलॉन ही जोडी जमली, आणि श्रीमंत शिकाऱ्याचा छंद सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात आला.

दोऱ्याचा बारीकपणा हा येथे फार मोठा घटक आहे. रिळावर मावणाऱ्या दोऱ्याची लांबी त्याच्या जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. 0.40 मिलिमीटर जाडीचा दोरा 100 मीटर मावत असेल, तर त्याच रिळावर 0.30 मिलिमीटरचा सुमारे 178 मीटर मावतो आणि 0.20 मिलिमीटरचा 400 मीटर. जाडी निम्मी, लांबी चौपट. म्हणूनच आजच्या रिळावर एकच आकडा छापलेला नसतो. जाडी आणि लांबी यांच्या दोन-तीन जोड्या असतात. 1990 नंतर अतिशय बारीक आणि बळकट विणलेले कृत्रिम दोरे आले, तेव्हा तर दोऱ्याची टंचाई हा प्रश्नच मिटला. तळहातावर मावणाऱ्या रिळावर तीनशे मीटर दोरा सहज बसतो. नव्याने उलट प्रश्न निर्माण झाला : एवढा महागडा दोरा भरावयाचा कशाला? उत्तर जुनेच : खाली स्वस्त नायलॉन, वर गरजेपुरता चांगला दोरा, आणि कडेला दोन-तीन मिलिमीटर मोकळे. टॉमससाहेबांच्या काळातील मनुष्याला यात नवे काही वाटले नसते.

दोऱ्याचे दुसरे टोक

दोऱ्याचे एक टोक असे सुधारत गेले. दुसऱ्या टोकाकडे पाहिले असता चित्र निराळे आहे. टॉमस यांनी 1870 मध्येच दक्षिण कानड्यातील मत्स्यपैदाशीविषयी अहवाल लिहून नद्यांतील मासळीच्या रक्षणाचा प्रश्न मांडला होता. 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्याने पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारण्यास बंदी घातली. कायदा झाला, सुरुंग थांबले नाहीत. विसाव्या शतकात धरणे आली, वाळू उपसली गेली, डोह उथळ झाले, आणि गावांचे व कारखान्यांचे सांडपाणी नद्यांत उतरले.

या काळातील एक उद्योग मराठी मुलखाशी निगडित आहे. 1970 च्या सुमारास लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीच्या वळवण येथील केंद्रात दख्खनच्या महसीराची कृत्रिम पैदास सुरू झाली. महाराष्ट्राचे मत्स्यव्यवसाय संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांचे या कामातील संशोधन मान्यता पावलेले आहे. साइक्सने पुण्याजवळ नाव दिलेल्या माशाची अंडी हाताने उबवून पिल्ले वाढवणे हे सोपे नव्हते. ते साधले, आणि पुढील दशकांत ही पिल्ले देशभरच्या जलाशयांत व नद्यांत सोडली गेली. हेतू उदात्त होता, आणि आपल्या भागात त्याचा लाभही झाला.

परंतु ही पिल्ले कावेरीतही पोहोचली. कावेरीत मूळचा महसीर वेगळा होता. पाठीवर ठळक कुबड असलेला, प्रचंड वाढणारा, जगात दुसरीकडे जवळजवळ कोठेच नसलेला. ज्या माशांनी दोनशे यार्डांचे माप प्रस्थापित केले, ते हेच. कावेरीकाठच्या गळ-शिबिरांत येणारे छांदिष्ट मासा धरून, मोजून, पुन्हा सोडून देत आणि त्याची नोंद ठेवीत. 1998 ते 2012 या काळातील या नोंदी अभ्यासकांनी 2015 मध्ये तपासल्या, तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. गळाला लागणाऱ्या महसीरांची संख्या घटली नव्हती, वाढली होती. मात्र त्यांचे सरासरी आकारमान उतरले होते, आणि कुबडाचा मूळ रहिवासी मागे पडून बाहेरून आणून सोडलेल्या दख्खनी महसीरांनी त्याची जागा घेतली होती. 2012 मध्ये अभयारण्यातील ही शिबिरे बंद झाली, आणि नोंदींचा तो धागाही तेथेच तुटला. पुढे 2018 मध्ये या कुबडाच्या माशाची ओळख ‘टॉर रेमादेवी’ या जातीशी पटवण्यात आली, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत तो ‘अत्यंत धोक्यात’ या वर्गात नोंदला गेला. शेकडो वर्षे लोकांना ठाऊक असलेल्या माशाला शास्त्रीय ओळख मिळाली ती अशी, जवळजवळ अखेरच्या घटकेला.

यात कोणा एकाला दोष देण्याचे कारण नाही. लोणावळ्याच्या प्रयोगाने एक मासा वाचवला. त्याच्याच पिल्लांनी दुसऱ्या नदीत दुसऱ्या माशाला अडचणीत आणले. ‘महसीर’ हा एकच मासा आहे असे समजून चालल्याचा हा परिणाम होय. साइक्सने नदीनदीचे मासे वेगळाले मोजून त्यांची लोकांतील नावे जपली होती. तो वेगळेपणा पुढे विसरला गेला.

आपल्याकडील जुन्या रीतीने हा भेद न कळताही सांभाळला होता. महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंडीत वरदायिनी देवीचे म्हणून राखलेले महसीर आहेत. वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसे येथे तिळसेश्वराचे मासे आहेत. तेथे कोणी गळ टाकीत नाही. लोक मुरमुरे घालतात आणि मासे पायऱ्यांपाशी येतात. त्या डोहांतील मासे त्याच नदीचे आहेत, आणि मुख्यतः देवाच्या नावाने डोह राखला गेला म्हणून ते टिकले. शास्त्र आज ज्याला मूळ अधिवासातील संवर्धन म्हणते, ते याहून फारसे निराळे नाही. अर्थात वरच्या अंगाला नदीच आटली किंवा नासली तर देवाचा डोहही वाचत नाही, हेही विसरता येत नाही.

रिळावर दोरा किती, या प्रश्नाचे व्यवहारातले उत्तर आज कोणीही देऊ शकतो, आणि ते अचूक असते. पूर्वीच्या माणसाला ते कष्टाने मिळवावे लागे, कारण त्याला आधी नदी आणि मासा ओळखावा लागत असे. पंधरा केसांमागे सामन होता, शंभर यार्डांमागे महसीराची पहिली धाव होती, दोनशे यार्डांमागे कावेरीचा कुबड्या होता. आजच्या रिळावरील तीनशे मीटरांमागे कोणता मासा आहे, हे मात्र रिळाकडे पाहून सांगता येत नाही. हे माप पुन्हा नदीकडून घ्यावयाचे असेल, तर काळ, वैतरणा, मुळा-मुठा यांच्या डोहांत कोणते मासे उरले आहेत याची मोजदाद प्रत्येक नदीची वेगळी, आणि शक्य तितकी स्थानिक नावांनिशी, व्हावी लागेल. साइक्सला हे काम करता आले ते काठावरच्या लोकांना विचारून. ती नावे सांगू शकणारी वृद्ध माणसे कोकणात, गोव्यात आणि कृष्णा-घटप्रभेच्या काठच्या गावांत अद्याप आहेत. ज्यांच्या परिचयात अशी माणसे असतील, त्यांनी ती नावे लिहून ठेवावीत.